मामाच्या बगलेतलं लिंबू

१० जानेवारी
चौदा दिवस उरले. चौदा! नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल. लेखीचं काय, रट्टा मारला की निघून जाते. पण पेशंटजवळ उभं राहून बाहेरून आलेल्या मॅडमला तोंडी उत्तरं द्यायची म्हटली की माझी जीभ टाळूला चिकटते. नापास झाले तर सहा महिने घरी. आणि आईने अख्ख्या एकोडी गावात सांगून ठेवलंय, "आमची रीना सिस्टर झाली!" झाली म्हणे! कुठं झाली?
सरावाला पेशंट पाहिजे. आई म्हणते, मले तांदूळ पाखडायचे आहेत.

११ जानेवारी
डोमामामा स्वतःहून आले! आईचा धाकटा भाऊ, सानगडीला राहतात. झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतात. काम म्हणजे मरतात. पंधरा वर्षं झाली, दर नाटकात तिसऱ्या अंकात मरण! बगलेत लिंबू दाबतात, हाताची नाडीच गायब. पहिल्या रांगेतल्या कोणी उठून तपासलं तरी मामा मेलेलेच.
"जय भीम, सिस्टर! मी होतो ना तुझा पेशंट. फुकटात!"

१२ जानेवारी
अपेंडिक्स. मामा खाटेवर असे लोळले की शेजारच्या शकुनबाई धावत आल्या आणि रडायलाच लागल्या. त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला.
"कुठं दुखते?" "उजवीकडून, खाली... अन् डोकं बी दुखून राहिलं वं, मागून." अपेंडिक्समध्ये डोकं कायले? पुस्तकात आहे तेवढंच सांगा म्हटलं.
बीपी घेतलं — १९०/११०!
"लिंबू काढा मामा!" "आज नाही आणलं वं." दोन्ही हात वर करून दाखवले. मग मूठ आवळली असेल. कलाकार माणूस, काही भरवसा नाही.

१५ जानेवारी
आज मामा बाळंतीण! आईचं लुगडं गुंडाळून, पोटावर उशी. "अवं मायवं! मेलो वं!" हसून हसून माझ्या पोटात कळा.
"कळा किती मिनिटांनी येतात?" "दर डायलॉगले."
आणि पुन्हा तेच — डोकं दुखते. बीपी १९२/११०. पण आज बरोबर जुळलं! पोटुशीचं डोकं दुखणं आणि बीपी चढणं, धोका. पुस्तकात तसंच आहे. मामांना शाबासकी दिली. म्हटलं, वाचून आले काय? नुसतेच हसले.

१७ जानेवारी
आईचं १२४/८०. माझं ११०/७०. मामांचं १९६/११२. मशीन वर्गातल्या अंजूचं आहे, अगदी नवं. म्हणजे मी फक्त मामांवरच चुकते? आई म्हणते, "तो लहानपणापासून असाच आहे! शाळा बुडवाले बगलेत कांदा ठेवून ताप आणे." आधी कांदा, आता लिंबू. ही बगल आहे की भाजीबाजार!
पण परीक्षेत असं मोजलं तर मॅडम हाकलूनच देतील. भीती वाटते.

१९ जानेवारी
मामांना ताकीद दिली — परीक्षेपर्यंत डोकं दुखणं बंद! "हाव," म्हणाले.

२३ जानेवारी
मामा आले नाहीत. उद्या रात्री मोठा प्रयोग आहे म्हणे. मी उशीचं बीपी घेतलं. उशी बरी, डायलॉग मारत नाही.

२४ जानेवारी
झालं. काय झालं, बाप्पा!
मॅडमने विचारलं, "साइन आणि सिम्प्टम, फरक सांग." जीभ चक्क सुटली! "सिम्प्टम म्हणजे पेशंट सांगतो ते. साइन म्हणजे आपण तपासल्यावर सापडते ते. सिम्प्टमचं नाटक करता येते मॅडम, पण साइनचं —"
आणि तिथंच थांबले. लिंबानं नाडी जाते. लिंबानं बीपी चढत नाही! मुठीनं चढेल दहा-वीस. रोज रोज एकशे नव्वद?
"लिंबू!" मी ओरडले.
"काय?" मॅडम.
"मॅडम, घरी फोन करू द्या!" आणि पळालेच. पेशंट तसाच, बीपीचा पट्टा त्याच्या हाताला तसाच!
आईला म्हटलं, मामांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. "अवं, तो तर नाटकाले जाऊन राहिला." "नको म्हण! आज मरायचं नाही म्हणावं!"
परत आले तेव्हा मॅडम पुढच्या मुलीकडे गेल्या होत्या. नापास तर नापास, जाऊ दे खड्ड्यात. मी रडले.

२५ जानेवारी
आईने मामांना नाटकाच्या वाटेवरूनच दवाखान्यात आणलं. डॉक्टरांच्या मशीनवर २१०/१२०. भरती केलं. मामांनी आज एकही डायलॉग मारला नाही. आई चहा आणायला गेली तेव्हा माझा हात धरून हळूच म्हणाले, "महिना झाला वं, डोकं खरंच दुखून राहिलं. दवाखान्याचा भेव वाटते मले. म्हणून तर तुझा पेशंट झालो."