थंड डब्यांवरची नावं

४ फेब्रुवारी, मंगळवार

नानांना आकाशी रंग नको म्हणे! काल "आकाशी घे" म्हणाले, आणि आज सकाळी तो वाळल्यावर — "हा तर दवाखान्याचा रंग दिसतो." बाप माझाच आहे, म्हणून मी तो पुसून काढला.

भूषणनं इंदूरहून डबे पाठवलेत, नानांच्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी. खेळणं म्हटलेलं नानांना चालत नाही, 'मॉडेल' म्हणायचं. वीतभर लांब, पांढरे, कोरे — दूध, फळं, बर्फ नेणारे थंड डबे, सहा. त्यांवर परदेशी कंपन्या नकोत, आपल्याकडच्या हव्यात. प्रत्येक डब्याची फर्म वेगळी, रंग वेगळा, अक्षराचं वळण वेगळं. ठरवणार नाना, लिहिणार मी. नेपानगरच्या कागद मिलमध्ये नानांनी जन्म काढला, आता हातात चहाची बशी स्थिर राहत नाही. भाऊ मात्र डबे पाठवून मोकळा!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळा सुटल्यावर परस्पर रितेशच्या रेडियमच्या दुकानात गेले. मोटरसायकलींच्या नंबरप्लेटा करतो तो. "दीदी, इतना छोटा अक्षर मशीन काटती नहीं. वेलांटी उडूनच जाते." म्हणजे ब्रशनं लिहायचं. पाठ आत्तापासूनच दुखायला लागली.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन डबे झाले. 'चुडामण केला ग्रुप, बऱ्हाणपूर' — पिवळ्यावर हिरवी जाड अक्षरं, खाली सावली, ट्रकवर असते तशी. चुडामण म्हणजे नानांचे मिलमधले दोस्त; केळीच्या व्यापाऱ्यांना इकडे 'केला ग्रुप' म्हणतात. 'यादव दूध-दही' लाल, आमच्या दूधवाल्याच्या नावाचा. "फर्म माणसाच्या नावानंच चालते," हा नानांचा नियम. तिसरा आईच्या नावाचा. 'भागाबाई बर्फ कारखाना'. तो लिहिताना नाना शेजारी बसून राहिले, एकही चूक काढली नाही. आई असती तर हसली असती.

मध्येच विचारतात, "केळीच्या डब्यात थंड किती लागतं?" मी म्हटलं, बेतानंच, तेरा अंशाच्या खाली गेलं की साल काळी पडते. "तुले कोनं सांगितलं?" — "शाळेतल्या एकानं."

खोटं. लीलाधरनं सांगितलं. लीलाधर फेगडे, केळी पिकवण्याच्या चेंबरवर मॅनेजर आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दिवाळीनंतर चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "मॅडम, माझ्याशी लग्न कराल का?" लग्नाचं विचारतो आणि मॅडम म्हणतो! मला तो आवडतो. पण अजून उत्तर दिलेलं नाही. नानांपुढे त्याचं नाव काढायची हिंमत होत नाही, फेगडे आपल्यातले नाहीत. आणि मी गेले तर नानांना आंघोळीचं पाणी कोण काढून देणार, शर्टाची बटणं कोण लावणार? बेचाळीस पूर्ण झाली. आता नवा संसार म्हटला की आधी दमायलाच होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

'भूषण फ्रूट कंपनी'ची अक्षरं दोनदा पुसली. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास भाकरीला लागला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचवा डबा. "केळी आणि सफरचंद एकाच डब्यात भरले तर?" मी वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता सांगितलं — नाही चालत, सफरचंदाच्या वायूनं केळी वाटेतच पिकून जातील. नाना चष्म्यावरून बघत राहिले. "तुमच्या शाळेत केळीचा लई अभ्यास हाये म्हणायचा!" शेवटी पाचवा नुसत्या सफरचंदांचा. नाव नातवाचं, भूषणच्या ललितचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मला विचारायचंच नव्हतं. स्वयंपाकाला येणाऱ्या मालूबाईनं विचारलं, सकाळच्या भाकऱ्या थापता थापता — "नाना, सहावा डबा भूमिकाताईच्या नावाचा का?"

"तो राहू दे कोरा," नाना म्हणाले. "पोरीचं नाव फर्मवर टाकत नाहीत. उद्या आडनाव बदलतं, मंग खरवडत बसा!"

उद्या! बेचाळिसाव्या वर्षी! दूधवाल्याला डबा. महिन्यातून एकदा फोन करणाऱ्या मुलाला डबा. नातवाला आहे, मेलेल्या आईलासुद्धा आहे. मान मोडून लिहिते ती कोणीच नाही. बाजारातही असंच चालतं हे मला ठाऊक आहे — अमुक आणि सन्स. मुलगी म्हणजे कधीतरी जाणारी, मग ती जावो न जावो. मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. फार लागलं मनाला. दुपारी नानांची बटणं लावताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लीलाधरचा फोन. त्याला नाशिकला नवी नोकरी मिळाली, पुढच्या महिन्यात जायचं आहे. "नाही म्हणालात तरी चालेल मॅडम, पण आता सांगून टाका."

नाहीच म्हणणार आहे. रविवारी भेटून सांगते. फोनवर नको.

२२ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षेच्या ड्यूटीचे कागद आले. डोकं चालत नाही. यादव दूध घालायला आला तो नानांशी ओट्यावर किती वेळ बोलत बसला! दूध तापवायला उशीर झाला म्हणून मी दोघांवर ओरडले. यादव कॅन उचलून निघाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

नकार द्यायला निघाले होते. चपला घातल्या, तेवढ्यात नानांनी हाक मारली. पुढ्यात सहावा डबा, ब्रश, काळा रंग. "लिही — भूमिका फेगडे, शीत वाहतूक, नाशिक."

फेगडे हे नाव मी या घरात कधी काढलेलंच नव्हतं!

"एवढी केळी कोनत्या शाळेत शिकवतात? यादव त्याच्या चेंबरवर पन दूध घालतो, टपरीवर तुम्हाले बघितलं त्यानं. सगळं विचारून घेतलं मी."

"नाना, ते आपल्यातले नाहीत."

"ते मले सांगू नको. मालूबाई दोन्ही टाइम येईल, बटनं पन लावीन म्हणते. तू लिही."

मी चपला काढल्या, ब्रश उचलला. म्हटलं, "मी आडनाव बदलणार नाही."

नानांनी डबा हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

"मंग दोन्ही लिही. डबा लांब हाये."