तोमेआजींच्या नावाने छापलेल्या कविता

शोवा एकतीस (इ.स. १९५६), डिसेंबरची दोन तारीख, रविवार, दुपारचे सव्वादोन. ‘हामागुमो’ मासिकाच्या शेवटच्या पानावरची चिठ्ठी कात्रीने कापत होतो. ही चिठ्ठी जोडल्याशिवाय सभासदाच्या कविता स्वीकारत नाहीत. ती अर्धी कापून ठेवली आणि हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

मी, कुदो तामोत्सु, वय चोवीस, साकाता येथील मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, दुकानात तोलाईच्या कामाला. मला ताप नाही, मी दारू घेतलेली नाही, कोणी बळजबरी केलेली नाही. शाळा सहावीत सुटली, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून लिहीत आहे.

एक. हिवाळी कोट, शब्दकोश आणि पोस्टातली शिल्लक शेजारच्या सुगावारा ईवाकाकूंना द्यावी. छत्री दुकानमालकांच्या थोरल्या चिरंजीवांना देऊ नये. ती त्यांनी आधीच नेली आहे.

दोन. ही खोली ओनोदेरा तोमेआजींची. मी त्यांचा भाडेकरू. आजींचा हात थरथरायचा, म्हणून त्या सांगत आणि मी दर महिन्याला त्यांच्या दहा कविता सुवाच्य अक्षरात उतरवत असे. दहांतल्या सात-आठ छापून येत. माझी एखादी यायची, शेवटच्या पानावर बारीक टाइपात. आजी म्हणायच्या, “तू मिसो तोलतोस तशा कविता लिहितोस रे. गुंजभर इकडेतिकडे नाही. पण वाचून कुणाला भूक लागेल का?”

अकरा फेब्रुवारीला आजी गेल्या. त्यांना जवळचे कोणी नव्हते. सभासद वारला की घरच्यांनी मासिकाला कार्ड टाकायचे असते. वर्गणी डिसेंबरपर्यंत भरलेली होती, दारावरची त्यांच्या नावाची पाटी मी काढली नव्हती, आणि घरी दर महिन्याला दोन अंक येत राहिले, एक त्यांचा, एक माझा. मी कार्ड टाकले नाही. त्यांच्या चिठ्ठीला माझ्या उत्तम दहा कविता जोडून पाठवल्या. उरल्यासुरल्या माझ्या नावाने.

एप्रिलच्या अंकात आजींच्या नावाखाली माझ्या आठ आल्या. मी दुकानात दिवसभर चुकीचे तोलले.

मेच्या अंकात नऊ होत्या. नववी माझी नव्हती:

उशीखाली हात घालून
चष्मा शोधताहेत माझा
विचारलं असतं तर
सांगितलं असतं मी
तांदळाच्या पेटीत आहे

शवपेटीत ठेवायला आजींचा चष्मा मी आणि ईवाकाकूंनी दोन दिवस शोधला होता. मी तांदूळ उपसले. चष्मा तळाशी होता.

पुढे दर महिन्याला माझ्या कमी होत गेल्या आणि त्या दुसऱ्या वाढत गेल्या. मी संपादकांना पत्र लिहून त्या दुसऱ्या कवितांचा मूळ कागद मागवला. कागद आमच्याच वहीतला. अक्षर माझे.

ऑगस्टपासून मी पाठवणे बंद केले. नोव्हेंबरात ईवाकाकूंना सगळे सांगितले. त्या मासळी साफ करत होत्या.

“मग नको पाठवूस,” काकू म्हणाल्या.

“पाठवतच नाहीये, काकू.”

“आणि येतात किती?”

“दहाच्या दहा.”

“जिवंतपणी कधी दहा आल्या होत्या तिच्या?”

“कधीच नाही.”

“मग ती मजेत आहे. तू कशाला वाळतोयस?”

परवा डिसेंबरचा अंक आला. त्यात आजींचे नाव नाही. पहिल्या पानावर, मोठ्या टाइपात, माझे आहे. खाली दहा कविता. त्यांत खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलेला बर्फ. खुंटीवरचा कोट, जो कोणी घालत नाही. काकू दार ठोठावतात, थांबतात, पुन्हा ठोठावतात. यंदा बर्फ अजून पडलेला नाही.

त्यांतला एकही शब्द मी बदलला नसता. अशा कविता माझ्या नावाखाली याव्यात, एवढेच मला नऊ वर्षे हवे होते. काल रात्री त्या स्वतःच्या म्हणून मोठ्याने वाचून पाहिल्या. सकाळी घसा बसला होता.

तीन. म्हणून आजींच्या निधनाचे कार्ड, माझ्या कबुलीसह, आज पोस्टात पडेल. त्यांच्या नावाने छापलेल्या माझ्या कविता मी कायमच्या त्यांना देत आहे. डिसेंबरच्या दहा माझ्या नाहीत. कोणत्याही संग्रहात त्या माझ्या म्हणून घेऊ नयेत.

चार. माझे काही बरेवाईट झाल्यास काकूंनी अंत्यविधीसाठी भिक्षूंना बोलावण्याआधी मासिकाला कार्ड टाकावे. पत्ता लिहून कार्ड कोटाच्या खिशात ठेवले आहे. दारावरच्या दोन्ही पाट्या त्याच दिवशी काढाव्यात. चिठ्ठ्या जाळाव्यात. कविता कितीही चांगली असो, माझ्या नावाने कोणी पाठवू नये. त्यानंतरही छापून आलीच, तर ती मी लिहिलेली नाही हे या कागदावरून समजावे.

साक्षीदार: सुगावारा ईवा (वाचून घेतले, “पोराला नीट जेवायला घाला” एवढे त्यांनी लिहायला लावले). हाताकेयामा गिहेई, पोस्टमन.

सही व शिक्का: कुदो तामोत्सु. मुक्काम साकाता, वरील तारीख, दुपारचे चार.

या वर्षाचा हिशोब:
आजींच्या नावाने पाठवल्या: साठ. पैकी छापल्या: अठ्ठावीस.
न पाठवता छापल्या: त्यांच्या नावाने पंचेचाळीस, माझ्या नावाने दहा.
मी लिहिलेली आणि माझ्या नावाने छापलेली: एकही नाही.