रजेआधीचा नकाशा

४ मार्च
तारीख मिळाली! दादाला माझी किडनी जुळते — ऑपरेशन पुढच्या महिन्यात. वहिनी फोनवर नुसती रडत होती.
साहेबांकडे रजा मागितली तर त्यांचा चेहराच पडला. "रजा घे गं, पण कारखान्याचं नेटवर्क बघणार कोण? सगळं तुझ्या डोक्यात!"
खरंच आहे. कुठली केबल कुठून कुठे जाते, कागदावर काहीच नाही. नकाशा काढायलाच हवा.

६ मार्च
हाताने चौकोन काढायला बसले. दुपार झाली तरी पॅकिंग विभागच संपेना! हे आपोआप करणारं सॉफ्टवेअर कुठेतरी असणारच.

९ मार्च
पहिलं सॉफ्टवेअर फुकट — पण थोडीशीच यंत्रं दाखवून "पैसे भरा" म्हणत अडून बसलं. दुसरं चित्रं सुंदर काढतं, पण माहिती सगळी मीच भरायची. म्हणजे परत तेच!
दादा डायलिसिसहून थकून आला होता, तरी फोनवर माझं रडगाणं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "किडनी दे बाई, पण ही कटकट नको देऊस!" दोघंही खूप हसलो.

१२ मार्च
सापडलं! हे तिसरं स्वतःच नेटवर्कभर फिरतं, कॉम्प्युटर, प्रिंटर, केबली एकत्र येतात ते स्विचचे डबे शोधतं आणि रेघांनी जोडून दाखवतं. पडद्यावर एकेक चौकोन उमटायला लागला तशी मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.
फक्त गोदामातल्या जुन्या स्विचच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. तिथे शिडी लावून केबली स्वतः शोधणं आलं.

१६ मार्च
दिवसभर शिडीवर. केसांत जळमटं! तिसऱ्याने काढलेलं सगळं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं आणि गोदामाचा भाग हाताने जोडला. नकाशा पुरा.

२३ मार्च
तपासण्यांसाठी दवाखान्यात, फोन बंद. बाहेर येऊन बघते तर साहेबांचे मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल! भीत भीत फोन लावला.
"अगं, गोदामाचं नेटवर्क बंद पडलेलं. तुझा नकाशा उघडला, रेघेवर बोट ठेवत गेलो — जिन्याखालच्या स्विचची पिनच निघालेली. मीच खोचली!" आवाजात काय तोरा! मग हळूच, "तू आता निवांत जा."

२ एप्रिल
उद्या. भीती वाटतेय. हे फक्त इथेच लिहिते.

५ एप्रिल
कूस बदलता येत नाही. दोन दिवस कुणी नीट काही सांगेना. आत्ता वहिनी धावत आली — दादाला लघवी झाली! पिशवी भरली! माझी किडनी — छे, आता त्याची — चालायला लागली.