फटीचा रकाना

मंगळवार, दि. १४

चि. बयोस,

मामाचे आशीर्वाद. इकडे ठीक. मामीचा गुडघा कुरकुरतोय, तीही कुरकुरतेय. नवी नोकरी बरी असेल. वेळेवर जेवत जा.

कारखान्यात अजून दवाखान्याची दारंच चाललीत. चाळीसपैकी एकतीस तासून झाली. मीच तासतोय. मिस्त्री म्हणाला, "मालक, या वयात रंधा? आम्ही मेलोय का?" म्हटलं, तू तुझं बघ.

तुझ्या जागी आलेल्या कारकुनाने काल कापणीची फाइल उघडली. म्हणतो, "इथे मापाच्या फाइलीतून आकडे आपोआप यायला हवेत. सूत्रंच नाहीत, कुणीतरी हाताने आकडे बसवलेत." मग त्याने तुझी जुनी प्रत शेजारी लावली. मापाच्या फाइलीतला 'फट' नावाचा रकानाच गायब. मी म्हटलं, असं होय.

म्हटलं खरं. पण बयो, मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

तो रकाना मीच उडवला. वरपासून खालपर्यंत तीन मिलिमीटर, तीन, तीन. एकच आकडा चाळीसदा कशाला, म्हटलं, ही शिकलेल्यांची थेरं. उडवला, तर कापणीच्या फाइलीत आकड्यांच्या जागी जिकडेतिकडे जाळीची खूण अन् आर ई एफ. तुला हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम. पण भाचीपुढे अडाणी कोण ठरणार? मापाचे आकडे उचलले आणि त्या खुणांवर टाइप करून टाकले. हाताने कापताना दाराभोवतीची फट मी मनातच धरतो. वाटलं, तूही मापातच धरली असशील. दारं चौकटीएवढीच कापली गेली, एक दार आत बसेल तर शपथ.

मग सगळ्यांसमोर तुलाच बोललो. "कॉम्प्युटरवर दारं होत नसतात, घरी जा." तू एवढंच विचारलंस, "मामा, फाइलीला कुणी हात लावला होता का?" मी नाही म्हणालो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पिशवी उचललीस.

इथवरचं आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. तुला बोललो होतो तिथेच उभं राहून. मिस्त्रीने डबा झाकला आणि बत्तिसावं दार स्वतःच माझ्यापुढे आणून ठेवलं.

कारकून रकाना परत घालत होता, त्याला थांबवलंय. फाइल तुझी आहे. ये किंवा नको येऊस, तुझ्या मनावर.

फाइलीला हात लावला होता, तो
तुझा मामा