सशांचा वंश आणि टिफनीचं घर

मी, सालोमी सेबॅस्टियन लोपीस, वय एकाहत्तर, राहणार नंदाखाल, ता. वसई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही, असं लिहावं लागतं. निदान हे लिहिताना तरी नाही.

१. माझे पती सेबॅस्टियन यांनी बेल्जियमच्या जुन्या जातीचे, कुत्र्याएवढे थोराड ससे प्रदर्शनासाठी पाळले. मरताना त्यांनी मला क्रुसावर हात ठेवायला लावून वचन घेतलं, की एकही ससा विकायचा नाही, घरातून हलवायचा नाही. तेव्हापासून मी बाहेर रात्र काढलेली नाही. या सशांना उकाडा सोसत नाही. वीज गेली की पिंजऱ्यात बर्फाच्या बाटल्या ठेवायला माणूस लागतंच. सख्खी बहीण इथे कळंबला वारली, तर मी फक्त मातीपुरती पोचले. त्याचा राग मला अजून आहे.

२. सशांनी प्रदर्शनांत जिंकलेले सर्व चषक दीर ऑस्टिन यांना. लेंड्या त्यांनी कधी काढल्या नाहीत, पण प्रत्येक फोटोत चषक त्यांच्याच हातात आहे.

३. केळीची वाडी व बँकेतली ठेव मुलगा जॉयल याला. तो जहाजावर असतो. सुट्टीत आला की म्हणतो, "ममी, तुझ्यानंतर टिफनी बघेल ना. तिचा हात बसलाय आता." माझाही असाच बसला होता. गेल्या नाताळात त्याने बायकोला वचन द्यायला क्रुसासमोर उभं केलं. मी स्वयंपाकघरातून भात करपला म्हणून ओरडले, त्यात ते राहून गेलं. भात करपला नव्हता.

४. राहतं घर सून टिफनी हिला, तिच्या एकटीच्या नावे, कसलीही अट न घालता.

५. पिल्लं का होत नाहीत, असं ऑस्टिन विचारतात आणि मी उन्हाळ्यावर ढकलते. खरं असं, की या जातीच्या मादीची पहिली वीण वेळेत झाली नाही, तर तिच्या कंबरेची हाडं आवळतात आणि पुढे वीण जिवावर बेतते. उरलेल्या साऱ्या माद्या मी जाणूनबुजून नरापासून लांब ठेवल्या. सगळ्यांचं वय उलटलं आहे. मी एकही विकलेली नाही. जिवंत असेतो बाटल्या मीच भरीन. माझ्यामागे उरतील ते ससे गोखिवऱ्याचे जनावरांचे डॉक्टर श्रीरंग पाटील यांना द्यावेत. ते हो म्हणाले आहेत.

६. टिफनी, आता तुझ्याकडून वचन घ्यायला काही उरलेलं नाही. माझ्या मरणानंतरच्या महिन्याच्या मिस्सेच्या प्रार्थनेलाही थांबू नकोस. माहेरी जा आणि रात्रीची राहा.

सही: सालोमी सेबॅस्टियन लोपीस

आमच्यासमोर सही केली:
१. मर्सी डाबरे, शेजारीण
२. आल्बर्ट तुस्कानो, निवृत्त शिक्षक

नंदाखाल, १४ जून २०२५