तलवारवालीचे त्रेचाळीस पॉइंट

३ मार्च, मंगळवार
हिला माहेरी जाऊन सतरा दिवस झाले. हवापालट. भांडण वगैरे काही नाही. दोन बॅगा आणि शिलाई मशीन नेलं म्हणजे माणूस कायमचं गेलं असं होत नाही. या शनिवारच्या खेळाला येणारच. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, वार लागला की नाही ते फाशाने ठरवायचं, असा आमचा खेळ. खेळातली तिची तलवारवाली चौथ्या लेव्हलला अडकलीय. येईपर्यंत पाचवी तयार ठेवतो. खूश होईल.

४ मार्च, बुधवार
हिशेबाला बसलो. हिट पॉइंट म्हणजे पात्राच्या अंगात उरलेला जीव. शून्य झाला की आडवं. सहा वर्षं हिला समजावतोय. दर वेळी एकच प्रश्न, म्हणजे मी अजून जिवंत आहे ना? आत्ता एकतीस आहेत. नव्या लेव्हलला दहा बाजूंचा फासा एकदाच टाकायचा, येईल त्यात तब्येतीचे दोन मिळवायचे. एकदाच. नियम म्हणजे नियम.

५ मार्च, गुरुवार
फासा टाकला. तीन. टेबल कलतं आहे, धरला नाही. पुन्हा टाकला, दोन. हात ओला होता. अकराव्या खेपेला दहा! एकतीस अधिक बारा, त्रेचाळीस. या नादात दुकानात एका मास्तरांच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. म्हणाले, जिना तिरपा दिसतोय. म्हटलं, सवय होईल.

७ मार्च, शनिवार
ही आली नाही. मेहुणा आला, हिचा धाकटा भाऊ, खेळात जादूगार. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्या चोर. मेहुण्याला सहज विचारलं. म्हणाला, ताईने शिवणाचा क्लास काढलाय. वेळ घालवायला असणार. बाईंनी त्रेचाळीसला हरकत घेतली. खेळायला न येता लेव्हल कशी वाढते म्हणे. म्हटलं, खेळ मी चालवतो. तलवारवाली मीच खेळलो आणि तिच्यावरचा प्रत्येक वार जादूगारावर ढकलला. तो मेला. मेहुणा चहा न घेताच गेला. जाताना एवढंच म्हणाला, "भाऊजी, ताईला पॉइंट नकोयत."
हरल्याचा राग.

१० मार्च, मंगळवार
निश्चय : हिला फोन करायचा नाही.
११.२० – केला. फक्त आकडा कळवायला. म्हणाली, शनिवारी चारला येते. बघा!

१४ मार्च, शनिवार
दुपारी ३.
मेहुणा आणि बाई दोघांनीही येत नसल्याचं कळवलं. समजूतदार माणसं. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. पेन्सिली टोकल्या.

संध्याकाळी ६.
आली. पात्राचा कागद समोर ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, हा खेळ तिला कधीच आवडला नव्हता. मला पटेना. माहेरी जाईपर्यंत सहा वर्षांत एक शनिवार चुकवला नव्हता. मग यायचीस कशाला, विचारलं.
म्हणाली, "इथे बसले की तू माझ्याकडे बघून विचारायचास, बोल, आता तू काय करणार? एरवी घरात कधी विचारलंस?"
आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं.
तिने पर्समधून वकिलाचे कागद काढले. सहीच्या जागी बारीक फुल्या करून आणल्या होत्या, मी गोंधळू नये म्हणून. चारही ठिकाणी सही केली. अजून काही बोलायचंय का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, त्रेचाळीस बरोबर आहेत ना?
बरोबर आहेत, म्हणाली. आणि गेली.

१५ मार्च, रविवार
सकाळी नऊला फोन केला. उचलला. विचारलं, "आता तू काय करणार?"
म्हणाली, ते आता तुला सांगावंसं वाटत नाही.
आवाजात राग नव्हता. राग असता, तर काहीतरी करता आलं असतं.