दोन ठोके, मग एक

प्रिय ठमे,

इंजिनीयर बाईंना या नावाने हाक मारलेली चालते की नाही देव जाणे, पण बापाला सगळं माफ. सोमवारी तू येणार, हा अर्धवट पडलेला टॉवर तपासणार आणि तुझ्या सहीने तो राहण्याजोगा ठरणार, हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

काम बंद पडलं तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी इथला एकटा राखणदार. बावीस मजल्यांचा धनी, पण एकाही घराला दार नाही! खिडक्यांच्या जागी नुसती भोकं, आणि वारा सुटला की भिंतीतल्या रिकाम्या नळ्या घुमतात. पहिल्या वर्षी माझी पाचावर धारण बसायची, आता नळ्या गप्प राहिल्या तरच दचकतो. जिन्यात सिमेंटच्या गोण्या दगड होऊन पडल्यात. सहाव्या मजल्यावर कुणा गवंड्याचा जेवणाचा डबा अजून उघडाच आहे. मालक पळाल्याचं ऐकून माणसं भरल्या डब्यावरून उठली ती गेलीच.

काम चालू होतं तेव्हा मी इथे गिलाव्याचा मिस्त्री होतो, आणि शाळेला सुट्टी असली की तू माझ्या मागे यायचीस. माझ्या छोट्या हातोडीने खांब ठोकायचीस. दोन ठोके भरभर, मग थांबून एक. कान लावून भरीव की पोकळ ते सांगायचीस, तेही मोठ्या साहेबाच्या थाटात. सगळे कामगार हसून दाद द्यायचे. आठव्या मजल्यावर, लिफ्टच्या खड्ड्याशेजारच्या खांबाला मात्र तू पोकळ म्हणालीस. मी चारचौघांत तुझ्या हातातून हातोडी हिसकावून घेतली आणि तुझा कान कच्चा आहे म्हणालो. त्यानंतर तू तिला कधी हात लावला नाहीस. आता तुझा सगळा भरवसा यंत्रांवर.

टॉवर पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली आणि ते ठोके ऐकू येऊ लागले. भर दुपारी, माझं जेवण आटोपलं की. दोन भरभर, मग एक. एखादा पत्रा हलत असेल म्हणून सगळे पत्रे तारेने आवळून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी धीर करून आठव्या मजल्यावर गेलो. तिथल्या धुळीत माझ्याखेरीज कुणाच्या पावलाचा ठसा नव्हता. त्या खांबाला हात टेकला, तर ठोके आतून तळव्याला लागले. बाबा म्हातारा झाला म्हणशील. म्हण बापडी.

सगळे खांब तपासणं जमणार नाही, तेव्हा तपासायच्या पन्नास खांबांची यादी मीच करावी, असं तू विश्वासाने सांगितलंस. मी ती पाठवली, ठमे, पण तो खांब गाळून. त्यात काँक्रीटचा माल ओतताना तो दाबून बसवायचं मशीन बंद पडलं होतं. साच्याच्या फळ्या काढल्या तर आत मूठ जाईल एवढ्या पोकळ्या, सळ्या उघड्या. साहेब यायच्या आत ते झाकायला मुकादमाने मला बोलावलं, कारण माझा हात सगळ्यांत साफ. असा गिलावा केला की साहेबांनी त्यावरून हात फिरवून मला शाबासकी दिली. तेव्हा जे तोंडाला कुलूप बसलं ते आज उघडतोय. तुझी सही झाली की त्या खांबाच्या भरवशावर लोक पोरंबाळं घेऊन राहायला येतील. ती यादी फाडून टाक. मी काय केलं ते कोऱ्या कागदावर लिहून सही करून ठेवलंय, वरच्यांना खुशाल दे. तुझी हातोडी माझ्या चौकीत खुंटीला आहे. यंत्र लावण्याआधी ती घेऊन आठव्या मजल्यावर जा. आज जेवण आटोपून हे लिहायला बसल्यापासून वर अगदी सामसूम आहे. त्या दिवशी तुझा कान चुकला नव्हता, बाळा.

तुझाच,
बाबा